गुरुवारी बाराच्या आत

वकील करायला जाताना हात हलवत जायचं नसतं, असं ओडेला पिंक्नीचं मत होतं. बँकेत गेलं तर चालतं, डॉक्टरकडेही चालतं. पण ज्याला आपली झालेली शोभा सांगायची, त्याच्या पुढ्यात आधी काहीतरी गोड ठेवावं. म्हणून मेकन शहरातल्या त्या विगच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना ती चढली, तेव्हा तिच्या एका हातात पर्स होती आणि दुसऱ्या हातात चंदेरी कागदात गुंडाळलेला पाउंड केक. तिचं वय त्रेसष्ट. गुडघ्यांचं त्याहून दोन-चार वर्षं जास्तच असावं.

दारावर पाटी होती : रेनिता ब्लॅकशिअर, वकील. नागरी हक्क आणि नोकरीविषयक कायदा.

ही तिसरी. आधीच्या दोघांनी तिला फोनवरच वाटेला लावलं होतं. पहिला म्हणाला, "लेखी काय आहे?" ती म्हणाली, "काही नाही." तो म्हणाला, "बाई, हे जॉर्जिया आहे. इथे मालक कारण देऊनही काढतो आणि न देताही काढतो." दुसऱ्याकडे तर नुसतं संगीत वाजत होतं. वीस मिनिटं ट्रम्पेट ऐकून तिने फोन ठेवला.

गोष्ट अशी होती. सीडर बेंड नावाच्या वृद्धाश्रमात ओडेला बावीस वर्षं मुख्य स्वयंपाकीण होती. सत्तर म्हाताऱ्या तोंडांना काय चावता येतं, काय येत नाही, कुणाला साखर वर्ज्य आहे आणि कोण चोरून खातं, हे तिला पाठ. गेल्या वर्षी ऑगस्टअखेर उत्तरेकडच्या मालक कंपनीने तिथे नवा व्यवस्थापक धाडला : ब्रेंट हॉलिंग्सवर्थ. वय चौतीस, गोरा, बिनमोज्यांचे बूट घालणारा. एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी त्याने ओडेलाच्या हातात पत्र ठेवलं. 'पुनर्रचनेमुळे मुख्य स्वयंपाकिणीचं पद रद्द करण्यात येत आहे.' तीन आठवड्यांनी त्याच शेगडीपुढे सव्वीस वर्षांची एक गोरी मुलगी उभी राहिली. तिच्या पदाचं नाव पाकसमन्वयक. समन्वय कशाचा करायचा हे तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. तिला मक्याचा साधा कॉर्नब्रेड येत नव्हता, एवढं मात्र सगळ्या सीडर बेंडला पहिल्याच दिवशी कळलं.

कायद्याने तक्रारीला मुदत होती एकशे ऐंशी दिवसांची. तेवढ्यात सरकारी आयोगाकडे अर्ज गेला तर गेला, नाहीतर दार बंद. ओडेलाचे एकशे पासष्ट दिवस उलटले होते. त्यातले शंभर तर 'मी कुणाच्या दारात जाणार नाही' या तोऱ्यातच गेले.

रेनिता ब्लॅकशिअर निघाली जेमतेम छत्तीसची. बारीक वेण्या, मोठा चष्मा, टेबलावर फायलींचा डोंगर आणि त्यावर अर्धं खाल्लेलं सँडविच. तिने हात पुढे केला. ओडेलाने त्या हातात केक दिला.

"मिस ओडेला, हे कशाला?"

"ते सँडविच बघून वाटतंय, बरं झालं आणला ते." ओडेला खुर्चीत टेकली. "ब्लॅकशिअर म्हणजे कुठले? तुझी माणसं कोण?"

प्रश्न विचारायचे म्हणून रेनिताने कोरा कागद पुढे ओढला होता. तो तसाच राहिला. आपल्याकडे माणसं कोण हे कळल्याशिवाय कुणी कुणाला कसलंही दुःख सांगत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

"फोर्ट व्हॅलीचे. माझी आजी कोरा ब्लॅकशिअर. शाळेत शिकवायची."

"पीचच्या बागेजवळचं घर? निळा व्हरांडा?"

"तुम्ही ओळखत होता तिला?"

"तिच्या मयताला बटाट्याचं सॅलड मी केलं होतं." ओडेलाने पर्स मांडीवरून खाली ठेवली, म्हणजे आता बोलायला हरकत नव्हती. "बरं, तू कुठल्या चर्चला जातेस?"

रेनिताने चष्मा सारखा केला. "सध्या जरा कामाचा..."

"असू दे. कळलं."

मग ओडेलाने सगळं सांगितलं. रेनिता लिहीत गेली. दहा मिनिटांनी पेन थांबलं.

"मिस ओडेला, स्पष्ट सांगते. तुम्हाला काढलं आणि तरुण गोरी मुलगी आणली, हे आपल्या बाजूचं आहे. पण ते म्हणतील, पद वेगळं, काम वेगळं. मला त्याचे शब्द पाहिजेत. काय म्हणाला, कोणत्या दिवशी, कुणासमोर. तुम्ही काही लिहून ठेवलंत का? वही, कॅलेंडर, एखादा मेसेज?"

"मी असलं काही लिहीत नाही."

"कुणाजवळ बोललात? तेव्हाच्या तेव्हा?"

"माणसाजवळ गाऱ्हाणी गात बसणारी बाई नव्हे मी." ओडेलाने हनुवटी वर केली. "मी ते प्रभूकडे नेलं."

रेनिताने उसासा दाबला. अशा उत्तरावर आजवर तिच्या चार केसेस बुडाल्या होत्या. "नेलंत ना, बरं केलंत. पण प्रभूकडे नेलं म्हणजे कसं? रात्री, मनातल्या मनात?"

"मनातल्या मनात का म्हणून? गुरुवारी. बाराच्या आत. फोनवरून."

रेनिताने पेनाला टोपण लावलं.

"प्रभूला," रेनिता हळूहळू म्हणाली, "फोन केलात."

"प्रभूला नाही गं पोरी, आमच्या मंडळीतल्या सिस्टर टब्सला! चर्चच्या ऑफिसात. प्रार्थना-विनंत्या गुरुवारी बारापर्यंत घेतात. मग ती पत्रक टाइप करते आणि रविवारी दारात वाटतात. तुला हेही ठाऊक नाही? कोरा ब्लॅकशिअरची नात तू!"

"छापील पत्रक?"

"दोनशे प्रती."

"तारीख असते त्यावर?"

"पत्रकावर तारीख नसेल का? काय विचारतेस!"

"आणि त्यात तुम्ही..."

"मी सांगायचे, की सिस्टर टब्स, एवढंच छाप : 'सिस्टर पिंक्नीला कामाच्या जागी सबुरी लाभो.' सबुरी, बस्स. पण ती बाई!" ओडेलाचा आवाज चढला. नाकाचा शेंडा लाल झाला नाही तो केवळ कातडी काळी म्हणून. "ती बाई विचारते, सबुरी कशाबद्दल? तो काय म्हणाला? मग तू काय म्हणालीस? आणि माझ्या तोंडून गेलेला शब्दन् शब्द रविवारी छापलेला! दर गुरुवारी मी शपथ घ्यायची की आज जीभ आवरायची, आणि दर रविवारी अख्खी मंडळी माझ्याकडे वळून बघायची. मी तिला म्हटलं, बाई, दुसऱ्या चर्चमध्ये लोक 'अबोल विनंती' देतात, कारण न सांगता. माझी तशी घे. तर म्हणते, 'देव सर्वज्ञ आहे, सिस्टर पिंक्नी. पण मंडळी नाहीत. कशासाठी प्रार्थना करायची ते त्यांना कळायला नको?'"

रेनिता उभी राहिली होती. आपण कधी उभ्या राहिलो ते तिलाही कळलं नसावं.

"किती रविवार?"

"सप्टेंबर ते एप्रिल. एकतीस."

"मिस ओडेला, ती पत्रकं कुठे आहेत?"

"माझी मी फाडून टाकली. पण सिस्टर टब्सकडे अडतीस वर्षांची असतील. ती बाई केकवरची दोरीसुद्धा टाकत नाही."

"मग चला. आत्ता जाऊ."

ओडेलाने पर्स उचलली आणि मांडीवर घट्ट धरली. "नाही."

नाही म्हणायला तिच्याकडे दोन कारणं होती. पहिलं तिने मोठ्याने सांगितलं : ते देवापुढे ठेवलेलं होतं. त्या माणसा*साठी* प्रार्थना केली होती, त्याच्यावर डाव म्हणून नव्हे. तिचंच आता हत्यार करायचं हे तिला पटत नव्हतं. दुसरं कारण काढून घ्यायला रेनिताला केकचा एक मोठा तुकडा खावा लागला. सिस्टर टब्सशी ओडेलाचं साडेपाच महिने बोलणं बंद होतं. नोकरी गेली त्या शुक्रवारी संध्याकाळी ओडेलाने रडत रडत तिला फोन केला, मैत्रीण म्हणून; विनंतीची मुदत आदल्या दिवशीच संपली होती. पण अर्नेस्टीन टब्सने आपला बाराचा नियम मोडून ते रविवारच्या पत्रकात घातलं. पत्रक चर्चच्या फेसबुकवर गेलं. ओडेलाच्या अटलांटातल्या लेकीने आईची नोकरी गेल्याचं तिथे वाचलं, आईच्या तोंडून ऐकण्याआधी. तेव्हापासून ओडेला चर्चमध्ये उजवीकडे बसायची आणि टब्स डावीकडे. मधून वाट गेलेली असूनही दोघींना एकमेकींचा त्रास व्हायचा.

"तुम्हाला नक्की काय पाहिजे, मिस ओडेला?" रेनिताने विचारलं. "भरपाई? माफी?"

"माझं स्वयंपाकघर पाहिजे." हे ओडेला इतक्या झटकन बोलली की तिचंच तिला रडू आलं. "तिथे मिस्टर अल्फियस आहेत, एक्याण्णव वर्षांचे. ते माझ्या हातच्या ग्रिट्सच्या लापशीशिवाय सकाळची गोळी घेत नाहीत. मला घरी बसवलंय त्या पोराने, मी शिळी झाल्यासारखं. मी शिळी झालेली नाही."

रेनिताने टेबलावरून करारनामा ओढला. "मग माझी एक अट आहे. तुम्ही सिस्टर टब्सशी बोलायचं."

ओडेलाने तो कागद नाकाजवळ धरून सगळा वाचला, बारीक अक्षरांसकट. मग पेन मागितलं आणि समासात आपल्या गोल अक्षरात लिहिलं : 'वकिलीणबाईंनी एक रविवार माउंट निबो चर्चला यावं. डोक्यावर टोपी.'

"माझीही एकच," ती म्हणाली. दोघींनी सह्या केल्या.

सिस्टर टब्सच्या घरी जाणं ओडेलाला मरण आलं असतं तरी जमलं नसतं. पण गुरुवार आला. अकरा वाजून बावन्न मिनिटांनी तिने चर्चचा नंबर फिरवला.

"माउंट निबो बाप्टिस्ट चर्च. प्रार्थना-विनंत्या बारापर्यंतच." तोच आवाज, पेन्सिलीला टोक काढल्यासारखा.

"एक विनंती द्यायची होती."

पलीकडे खुर्ची करकरली. मग कागद सरकल्याचा आवाज. "नाव?"

"तुला माहीत आहे नाव."

"नाव सांगितल्याशिवाय विनंती घेत नाही. नियम आहे."

"ओडेला पिंक्नी."

"कशासाठी?"

ओडेलाने खुर्चीचा हात घट्ट धरला. "एका हट्टी बाईसाठी. तिने एका आगाऊ बाईशी साडेपाच महिने बोलणं टाकलंय. त्या आगाऊ बाईने तिच्या तोंडचं तिच्या पोटच्या पोरीला आधी कळवलं. तरी त्या हट्टी बाईला दर गुरुवारी बारा वाजता चुकल्यासारखं होतं."

पलीकडे पेन्सिल टेबलावर पडली. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"'आगाऊ' जोडून लिहायचं का तोडून?" सिस्टर टब्सने विचारलं.

"अर्नेस्टीन!"

"मला वाटलं गं, मंडळींना कळलं तर कुणी मदतीला येईल. तुझ्या घरी जेवणाचे कॅसरोल पाठवतील. तुझी कॅरन तिथे अटलांटात बसून वाचेल हे डोक्यातच आलं नाही. चुकलं माझं." पुन्हा नाक. "छापू हे?"

"छाप."

"शब्दशः?"

"तुला दुसरं येतं काय!" आणि मग दोघी इतक्या हसल्या की घड्याळात बारा वाजून गेले. तीन जणांच्या विनंत्या त्या आठवड्यात राहून गेल्या.

ओडेलाने पत्रकांचं काढलं तेव्हा सिस्टर टब्सला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"देवाला सांगितलेलं म्हणतेस? अगं, दोनशे प्रती काढल्या मी. देवाला माहीत, मला माहीत, गवयांना माहीत, पार्किंगमध्ये गाड्या लावणाऱ्या ब्रदर्सना माहीत. अख्ख्या मेकनमध्ये एकट्या त्या पोरालाच माहीत नाही. त्याच्यासाठी प्रार्थना झाली आणि त्यालाच पत्ता नाही, हे कुठलं शहाणपण?"

ओडेलाने लगेच रेनिताला फोन लावला. शनिवारी दोघी रेनिताला घेऊन चर्चच्या तळघरात गेल्या. गायकांच्या झग्यांखाली मोज्यांच्या कंपनीची जुनी खोकी होती, वर्षवार. सिस्टर टब्सने झग्यांवरची धूळ झटकली आणि बरोबर दोन खोकी ओढली. पहिल्यात पत्रकं होती. दुसऱ्यात पिवळ्या वह्या.

"या कसल्या?" रेनिताने विचारलं.

"फोन आला की आधी यात लिहायचं, मग टाइप. वेळेसकट. नाहीतर लोक म्हणतात, मी असं म्हणालेच नव्हते." तिने ओडेलाकडे बोट केलं. "ही म्हणायची."

रेनिताने एक वही उघडली. 'गुरु., १० वा. ४० मि. सि. पिंक्नी. रडत होती. तो म्हणाला, "आजीबाई, या वयात एवढं उभं राहून पाय दुखत नाहीत का? घरी नातवंडं खेळवा."' पुढचं पान. 'गुरु., ११ वा. ५ मि. तो म्हणाला, कोलार्डच्या भाजीचा वास भेटायला येणाऱ्यांना "तुमच्या वस्तीतला" वाटतो.' पुढचं. '९ वा. ३० मि. वाढायच्या खिडकीत उभी राहू नको म्हणाला, "तिथे जरा वेगळा चेहरा बरा दिसेल." वाढणारी सुसान आणि भांडी घासणारा मुलगा ऐकत होते.'

वकिलीणबाईंनी वही मिटली, छातीशी धरली आणि झग्यांच्या रांगेपुढे एक गिरकी घेतली. सिस्टर टब्सला हे फार आवडलं. "नाचता येतं हिला," ती ओडेलाच्या कानात म्हणाली. "लग्न झालंय?"

तक्रार एकशे एकाहत्तराव्या दिवशी दाखल झाली. दुसऱ्याच महिन्यात आयोगाने दोन्ही बाजूंना समेटासाठी बोलावलं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, मधे बसलेली शांत चेहऱ्याची मध्यस्थ बाई. ओडेला जांभळा सूट घालून आली होती. सूट ताठ होता. समोर ब्रेंट हॉलिंग्सवर्थ, कंपनीची एक अधिकारी बाई आणि कंपनीने मेकनमध्येच गाठलेला वकील : मिस्टर क्रॅब्ट्री, पांढऱ्या मिशांचे, गोरे, इथेच वाढलेले.

"पुनर्रचना हा शुद्ध व्यावसायिक निर्णय होता," अधिकारी बाईंनी सुरुवात केली. "वयाचा किंवा वर्णाचा उल्लेख कुणी कधी केलेला नाही. तसं काही लेखी नाही."

"आहे की," रेनिता म्हणाली आणि तिने एकतीस पत्रकांच्या छायाप्रती टेबलावरून सरकवल्या.

अधिकारी बाईंनी वरचा कागद बघितला. त्यावर क्रूस होता, दोन कबुतरं होती आणि खाली शनिवारच्या मासळी-जेवणाची जाहिरात. "हे काय आहे? हे तर चर्चचं..." त्या हसल्या. "यात पुरावा कसला? प्रार्थना आहेत या."

मिस्टर क्रॅब्ट्री हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि पहिलं पत्रक वाचलं. दुसरं वाचलं. चौथ्याला त्यांच्या मिशा खाली आल्या.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "माझी आई फर्स्ट मेथडिस्टचं पत्रक टाइप करायची. सव्वीस वर्षं. या जिल्ह्यात बारा ज्यूरी बसवलेत, तर अकरांच्या फ्रिजवर या घडीला असलं पत्रक चिकटवलेलं असेल. बारावा पत्रक वाटत असेल." त्यांनी कागद खाली ठेवले. "यातलं टाइप करणाऱ्या बाईने आपल्या मनचं घातलंय, असं मी त्यांच्यापुढे उभा राहून म्हणावं, अशी तुमची इच्छा आहे का?"

"वह्याही आहेत," रेनिता म्हणाली. "वेळेसकट."

"असणारच," मिस्टर क्रॅब्ट्री खिन्नपणे म्हणाले.

ब्रेंटने मात्र एक पत्रक उचललं होतं. तो वाचायला लागला आणि त्याचे कान तांबडे होत गेले. मग तो एका जागी अडला. फेब्रुवारीतलं पत्रक होतं. त्याने ते मोठ्याने वाचलं; का वाचलं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"'सिस्टर पिंक्नीसाठी सबुरी मागू या. व्यवस्थापक म्हणाला, तिचा चेहरा आता खिडकीत शोभत नाही. आणि त्याच व्यवस्थापकाच्या बायकोसाठी मागू या. तिचे दिवस भरत आलेत आणि रक्तदाब वाढलाय. बाळ-बाळंतीण सुखरूप राहोत.'" तो थांबला. "हे तुम्ही एकाच फोनमध्ये सांगितलंत?"

"दोन फोन कोण करणार?" ओडेला म्हणाली. "बारापर्यंतच घेतात."

"मुलगी दुसऱ्याच दिवशी, सोमवारी जन्मली," तो म्हणाला. "हेझल." मग त्याने मान खाली घातली. "मला माहीत नव्हतं. मिस पिंक्नी, मी... माझं चुकलं."

ओडेलाला त्याची दया आली आणि दया आल्याचा रागही आला. बावीस वर्षं सत्तर माणसांना जेवू घातलेल्या बाईला हा आजीबाई म्हणाला होता. "पोरा," ती म्हणाली, "प्रार्थना करणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. पहिलं मी केलंय. दुसऱ्याचं अजून बघतेय."

कंपनीने आधी चेक पुढे केला. ओडेलाने त्याकडे पाहिलंही नाही. रेनिताने पाहिलं, आणि बुडालेल्या महिन्यांचा पगार त्यात पुरता बसवून घेतला. ते वकिलाचं कामच आहे. बाकीचं ओडेलाने स्वतः सांगितलं. मुख्य स्वयंपाकीण, हेच पद, याच नावाने. वाढायची खिडकी तिची. मंगळवारी कोलार्डची भाजी, वासासकट. आणि त्या सव्वीस वर्षांच्या मुलीला काढायचं नाही.

"तिला का नाही?" अधिकारी बाई गोंधळल्या.

"तिचा यात काय दोष? कॉर्नब्रेड शिकवीन मी तिला. नुसता समन्वय करून पोट भरत नाही."

मिस्टर क्रॅब्ट्रींनी मिशीआड हसू लपवलं. चार वाजता सह्या झाल्या. ब्रेंटला कंपनीने सव्हॅनाच्या ऑफिसात हलवलं, म्हाताऱ्यांपासून लांब आणि कागदांच्या जवळ. आणि पुढच्या सोमवारी सकाळी मिस्टर अल्फियसनी ग्रिट्सचा पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि विचारलं, "इतके दिवस कुठे होतीस गं? सुट्टीवर?"

"होय," ओडेला म्हणाली. "गोळी घ्या आधी." मग ती आत जाऊन फ्रिजच्या दाराआड चांगली दोन मिनिटं रडली, कारण आता तिला परवडत होतं.

रेनिताने करारातला रविवार पाळला. टोपी सिस्टर टब्सची होती, पिवळी, पंखवाली. कराराप्रमाणे तिचं काम तिथेच संपलं होतं. पण ती दुसऱ्या रविवारीही आली आणि तिसऱ्याही. विचारलं तर म्हणायची, केकसाठी येते. तिसऱ्या रविवारी तिने दारात पत्रक घेतलं, वाचलं आणि बाकावरच ताठ झाली.

"मिस ओडेला! 'आपल्या वकिलीण सिस्टर ब्लॅकशिअर, वय छत्तीस, दात उत्तम, नाचता येतं, यांना योग्य जोडीदार मिळो.' मी हे सांगितलं नव्हतं! मी फक्त टोपीबद्दल आभार मानायला फोन केला होता!"

"गुरुवारी केलास?"

"गुरुवारी."

"बाराच्या आत?"

रेनिताने पत्रकाची घडी घातली. मागच्या बाकावर, चर्चमध्ये ट्रम्पेट वाजवणारा एक ब्रदर घसा खाकरून टाय सारखा करत होता.

ओडेला आता डावीकडे बसत होती, सिस्टर टब्सच्या मांडीला मांडी लावून. तिने आपलं पत्रक खालपर्यंत वाचलं आणि शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिथे छापलं होतं : 'सव्हॅनाहून, एक अबोल विनंती.' पुढे काही नाही. नाव नाही, कारण नाही, कोण काय म्हणालं ते नाही.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. अडतीस वर्षांत सिस्टर टब्सने कुणाचीही विनंती अबोल घेतली नव्हती. पाळकांचीसुद्धा नाही.

"अर्नेस्टीन," ती कुजबुजली. "हा तोच का?"

"देव सर्वज्ञ आहे," सिस्टर टब्स समोर बघत म्हणाली.

"बाळ बरं आहे ना त्याचं? की बायको? काय म्हणाला?"

सिस्टर टब्सचे ओठ थरथरले. सांगायचं केवढं होतं तिच्या पोटात ते ओडेलाला दिसत होतं. बाईला धाप लागायची तेवढी बाकी होती. पण तिने हातातला पंखा दोनदा हलवला आणि ओठ मिटून घेतले.

"तो म्हणाला, छापू नका. म्हणून नाही छापलं. एकदा एका बाईचं न विचारता छापलं होतं मी."

वरती गायक उभे राहिले. ओडेलाने मैत्रिणीचा हात हातात घेतला आणि दाबला. मग तिने डोळे मिटले, कशासाठी ते न विचारता त्या पोराचं नाव मनात घेतलं, आणि घेता घेता तिच्या लक्षात आलं की दुसरंही, माफ करणंही, होऊन गेलंय.

"एवढं तरी सांग," डोळे न उघडता ती म्हणाली. "फोन बाराच्या आत आला होता ना?"

"अकरा एकोणसाठला," सिस्टर टब्स म्हणाली.